फोटोवरची नारिंगी पट्टी

"एका टर्ममध्ये एक नोकरी? बाई, मी दहा लावून दाखवतो. त्याही सोशल मीडियावरून," असं करिअरसर भर मीटिंगमध्ये प्राचार्यबाईंना सांगून बसले.

बाईंनी खरं तर एकच मागितली होती. कॉलेजच्या करिअर कक्षातून दोन वर्षांत एकाही मुलाला नोकरी लागली नव्हती. या टर्ममध्ये निदान एक तरी लागली नाही, तर कक्ष बंद करायचा आणि ती खोली क्रीडाशिक्षकांना टेबल टेनिससाठी द्यायची, असं ठरलं होतं. खोली गेली की सरांचं दरवर्षी वाढवून मिळणारं कंत्राटही गेलं. अशा वेळी माणसाने मान खाली घालून "बघतो" म्हणावं. पण तेरा वर्षं पोरांना "तुझ्यात दम आहे" सांगून सांगून सरांना स्वतःबद्दलही तसंच वाटायला लागलं होतं.

सर लगेच कामाला लागले. एकशेसाठ मुलामुलींची खाती उघडून घेतली, फोटोसाठी सगळ्यांना केस विंचरायला लावले आणि एक नियम घालून दिला. ओळखीच्या माणसाची पोस्ट दिसली की तासाभरात दोन ओळींची कमेंट करायची आणि ती पोस्ट पुढे पाठवायची. "ओळख अशी वाढते. ओळखीतून नोकरी येते," सर म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या आणि नेहमीप्रमाणे काही केलं नाही.

मग सरांना वाटलं, आधी शिक्षक शिकले पाहिजेत. शनिवारी सगळ्या स्टाफचं प्रशिक्षण ठेवलं. सरांची शिकवण्याची एक पद्धत होती, आधी स्वतःवर करून दाखवायचं. मुलाखतीत हात कसा मिळवावा हे शिकवताना एकदा सत्तर जणांशी हात मिळवून त्यांचा खांदा आठवडाभर धरला होता. तर शनिवारीही त्यांनी स्वतःचंच खातं प्रोजेक्टरवर उघडलं.

"आता हे बटण बघा. हे दाबलं की फोटोखाली नारिंगी पट्टी येते, 'मी नोकरीच्या शोधात आहे'. मुलांनी हे न लाजता दाबायचं."

सरांनी न लाजता दाबलं. पट्टी आली. मागून चहा आल्याची बातमी आली आणि प्रशिक्षण तिथेच संपलं. सरांनी प्रोजेक्टर बंद केला. प्रोजेक्टर बंद केला की फळा पुसल्यासारखं सगळं जातं, असा त्यांचा पक्का समज होता.

रविवारी सर दुपारी ताणून झोपले. तेवढ्यात त्या एकशेसाठ पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा गृहपाठ केला.

'आमचे सर नोकरी शोधत आहेत. जो त्यांना घेईल तो नशीबवान,' एकाने लिहिलं. दुसरीने लिहिलं, 'सर अतिशय खंबीर आहेत. आमच्यापैकी एकालाही नोकरी लागली नाही, तरी ते कधीच खचले नाहीत.' बाकीच्यांनी त्यात आपापल्या दोन ओळी घातल्या आणि पोस्ट पुढे पाठवली. ती फिरत फिरत सरांच्या मेव्हण्याकडे गेली. त्याने बहिणीला फोन लावला आणि बायकोने सरांना झोपेतून हलवून उठवलं.

"अहो, नोकरी गेली तुमची?"

"कुणाची?"

"एकशेसाठ पोरांना सांगितलंत आणि मला नाही. मी काय खाऊन टाकलं असतं तुम्हाला? परकी आहे का मी?"

"अगं, ते नुसतं दाखवायला होतं."

"कुणाला दाखवायला? माझ्या भावाला?"

सरांनी मोबाइल उघडला. फोटोत ते स्वतः हसत होते आणि हनुवटीखाली पट्टी झळकत होती. ती काढायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं, कारण लावायची कशी एवढंच त्यांनी शिकून घेतलं होतं. पंधरा मिनिटं खटपट केल्यावर पट्टी तशीच राहिली आणि फोटो मात्र थोडा मोठा झाला.

सोमवारी कक्षात पाऊल टाकतात तर क्रीडाशिक्षक जमिनीवर उकिडवे बसून टेपने खोली मोजत होते.

"बसतंय टेबल," ते आनंदाने म्हणाले. "तुमचं कपाट तेवढं जाताना हलवून जाल का?"

 सर तडक प्राचार्यबाईंच्या केबिनमध्ये गेले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. रागापेक्षा त्यांना लागलेलं जास्त दिसत होतं.

"तेरा वर्षं झाली सर. एका शब्दाने सांगायचं होतंत."

"बाई, ते चुकून झालं."

"चुकून? शनिवारी तुम्हीच म्हणालात, प्रोफाइलवर खोटं काही लिहायचं नाही. मी वहीत उतरवून घेतलंय." त्यांनी खरंच वही दाखवली. "आणि तुमच्या जागेची जाहिरात मी काल संध्याकाळीच सोशल मीडियावर टाकली. तुम्ही शिकवलंत तशीच. आता अर्ज आलेत, विश्वस्तांनी मुलाखतीची तारीख दिली आहे. मला मागे घेता येणार नाही."

"मग मी काय करू?"

बाई जरा विरघळल्या. "तुम्हीही अर्ज करा की. अजून दोन दिवस आहेत."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी घरी बायकोने सदऱ्याला इस्त्री केली, पण बोलली नाही. सर रात्रभर आरशासमोर "स्वतःबद्दल थोडं सांगा" करत होते. पन्नाशी उलटल्यावर हा जीव खाली-वर करणारा प्रकार पोरं वीस-बाविसाव्या वर्षी कसा सोसतात, असं त्यांना तेरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

मुलाखतीला बाहेरच्या बाकावर अकरा जण होते. त्यातले नऊ सरांचे जुने विद्यार्थी निघाले. सगळे ताठ बसलेले, फाइल मांडीवर, बूट चकचकीत.

"सर, घाबरू नका," शेजारचा म्हणाला. "खोल श्वास घ्या. तुम्हीच सांगितलं होतं." मग त्याने हळूच सरांची कॉलर सरळ केली.

सरांचा नंबर शेवटचा. आत प्राचार्यबाई, एक म्हातारे विश्वस्त आणि बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ बसले होते. तज्ज्ञांनी विचारलं, "सध्याची नोकरी का सोडताय?"

"सोडत नाहीये."

"कुठे आहे ती?"

"इथेच. खाली, जिन्याजवळ."

तज्ज्ञांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"बरं. सोशल मीडियाचा अनुभव?"

पाठ केलेलं उत्तर सरांच्या ओठावर आलं होतं, पण खरं तेच बाहेर पडलं. "एक बटण दाबलं. ते अजून बंद करता येत नाहीये. बायको आठ दिवस धड बोललेली नाही. मला ही नोकरी हवी आहे हो, मला दुसरं काही येत नाही."

विश्वस्त इतका वेळ पेंगत होते, ते जागे झाले. "यालाच घ्या," ते म्हणाले. "बाकीच्यांतले नऊ जण एकच उत्तर देऊन गेले. 'मी दडपणाखाली उत्तम काम करतो.' कुणी शिकवलं त्यांना, कोण जाणे."

सरांनी आपली फाइल उगाच चाळली. बाईंनी पुन्हा छताकडे पाहिलं.

अशी सरांना नोकरी लागली. पगार तोच, खोली तीच, मात्र नियमाप्रमाणे सहा महिने उमेदवारी. घरी बायकोने पेढा हातावर ठेवला. "पट्टी काढा आधी," एवढंच ती म्हणाली, पण बोलली तर खरी. पोरांनी तासाभराच्या आत एकशेसाठ कमेंट केल्या. 'अभिनंदन सर. आता आमचंही बघा.'

टर्म संपली आणि कक्षाचा अहवाल भरायची वेळ आली. 'सोशल मीडियाद्वारे नोकरी मिळालेल्यांची संख्या' या रकान्यापाशी सर बराच वेळ पेन चावत बसले. दारात क्रीडाशिक्षक टेप घेऊन उभेच होते. शेवटी सरांनी लिहिलं, 'एक'. खाली लाभार्थ्याचा फोटो चिकटवायची जागा होती. नारिंगी पट्टीसकट तोच एक फोटो त्यांच्याकडे होता, तो चिकटवला.

प्राचार्यबाईंनी फोटो पाहिला, सरांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि सही केली. 'उद्दिष्ट पूर्ण. कक्ष चालू ठेवावा.' मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या, "सर, दहातल्या उरलेल्या नऊ पुढच्या टर्मला ना?"