सासरी गेलेली गाडी

आमचे शेजारी परचुरेकाका कुणाचीही जुनी गाडी दिसली की तिच्यासमोर उकिडवे बसतात. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांसमोर मी भाजीच्या पिशव्या घेऊन घामाघूम उभी, आणि काका कुणा अनोळखी माणसाच्या गाडीच्या पुढच्या जाळीत डोकं घालून!

"बघ, ही इथली नाही. कॅनडाची आहे."

"काका, आइसक्रीम वितळतंय."

"वितळू दे गं. जाळी बघ!"

मग लेक्चर. पन्नासच्या दशकात म्हणे एकच गाडी सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या थाटात विकायचे. बॉडी तीच, दारं तीच, फक्त पुढची जाळी वेगळी, अंगावरची क्रोमची पट्टी वेगळी. इथली साधी फॅमिलीची गाडी तिकडे जाऊन नावानंही 'मीटिअर' व्हायची.

"म्हणजे कसं, मुलगी सासरी गेली. नाव बदललं, दागिने बदलले. मुलगी तीच!" आणि टाळीसाठी हात पुढे. या माणसाचं काय करावं, मला खरंच कळत नाही.

काकूंनाही कळलं नसावं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी काका गॅरेजमध्ये कुठलीशी जाळी घासत बसले होते, आणि काकू बॅग घेऊन टॅक्सीत बसल्या. थेट टोरांटोला, भावाकडे. भांडण नाही, तंटा नाही. काकांना पत्ता लागला तो जेवायची वेळ झाल्यावर.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात काका टोरांटोजवळच्या कार-शोला जातात. आठ-नऊ तास एकटे ड्राइव्ह करत. आम्हाला काय कळत नाही? गाड्या निमित्त. मेहुण्याच्या दारात उभे राहतात, "ती घरी नाही" ऐकतात आणि परत येतात.

यंदा, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, मेहुण्यानं दारातच सांगून टाकलं की ती आता वेगळी राहते, नंबर देऊ नको म्हणालीय. काका माझ्याकडे आले. झालेलं सगळं सांगितलं. मला बघवेना. म्हटलं, चला, तिकडच्या टेलिफोन डिरेक्टरीच्या ऑपरेटरला फोन करू.

"वसुधा परचुरे," मी ऑपरेटरला सांगितलं. नाही.

"माहेरचं आडनाव?" मी काकांना विचारलं.

"केळकर."

वसुधा केळकरही नाही. पण केळकर चार आहेत, ऑपरेटर म्हणाली, पहिलं नाव सांगा.

"काका, काकूंचं माहेरचं नाव काय?"

"वसुधाच की."

"अहो, लग्नाआधीचं!"

"ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच लिहिलं ना, वसुधा. मला आवडायचं ते नाव."

"ते कळलं. त्याआधी काय होतं?"

"घरी बेबी म्हणायचे."

"आणि शाळेत?"

काकांनी कपाळ चोळलं. पंचवीस वर्षांचा संसार! मला त्यांचा असा संताप आला, आणि त्याच क्षणी कीवही आली.

ऑपरेटर बाई भली होती. चारही नावं वाचून दाखवते म्हणाली. मी रिसीव्हर काकांच्या कानाला लावला आणि स्वतःही कान चिकटवला. अनिता. मंगल. शैला. उषा.

काकांनी परत वाचायला लावली. डोळे मिटून ऐकली.

"यातलं कुठलंही असेल गं," ते म्हणाले.