उसना कावळा

कावळ्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. संप फिसकटला, डिलाईल रोडवरची आमची गिरणी बंद पडली, आणि आयुष्यभर साचे चालवलेला मी, गुणाजी, परळच्या एका शेडमध्ये आजारी कावळ्यांना जेवू घालायच्या कामाला लागलो. चाळीतले लोक हसायचे. हसू देत. लालबागपासून शिवडीपर्यंत कावळे माना टाकून पडायला लागले, तेव्हा ते का पडतात हे शोधायला तीन संस्था एकत्र आल्या होत्या. आणि या तिन्ही संस्थांचे कावळे माझ्या हातून जेवत होते.

एक संस्था जनावरांच्या डॉक्टरांची, दुसरं वनखातं, तिसरं पक्षीमित्र मंडळ. तिघांनी मिळून काम करायचं म्हणजे एका गाडीला तीन बैल आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. कावळ्याला औषध डॉक्टरांनी द्यायचं, पायात वाळा मंडळानं घालायचा, आणि कावळा शेडबाहेर न्यायचा तर वनखात्याची परवानगी. कावळा शिंकला तरी तीन ठिकाणी कळवावं लागे.

अशात माझ्या बायकोचं, शेवंताचं, वर्षश्राद्ध आलं.

दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. सगळे ताटकळले, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. तिचं काय राहिलं असेल, हे कोडं वर्षभर माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. या वेळी खराच कावळा शिवला पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी माझी सासू तुळसा शिवडीच्या कोळीवाड्यातून बोंबील घेऊन आली. ती टोपली टेकवते न टेकवते तोच शेजारचे रामजीकाका दारात. आमच्या घोडपदेवात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याचा सल्ला त्यांचाच.

"घास ठेवशील, पण शिवायला कावळा कुठाय?" काका म्हणाले. "महिनाभर या गल्लीत एक कावळा दिसला नाही."

"दिसणार कसे? तपासायला म्हणून आम्हीच सगळे पकडून नेलेत."

"मग आता?"

"आता काय? मी आणतो. घरचेच आहेत."

मी एक कावळा मनाशी धरला होता. मांजानं त्याचा पंख कापला होता, बँडेज होतं, म्हणजे उडून जायची भीती नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त काढायचं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला उपाशी ठेवायला सांगितलं होतं. उपाशी कावळा घासावर नुसता तुटून पडणार. अर्ध्या तासात त्याला परत आणून ठेवीन, कोणाला पत्ताही लागणार नाही.

रविवारी सकाळी शेवंताच्या मासळीच्या टोपलीत कावळा घातला, वर फडकं बांधलं आणि चाळीच्या गच्चीवर आलो. पानावर भात, भाजी, वडे आणि तिच्या आवडीचे बोंबील मांडलेले होते. मी टोपली उघडली.

"याला बँडेज का रे?" काकांनी विचारलं.

"जखमी आहे."

"पितर जखमी? वर हाणामाऱ्या चालतात की काय?"

कावळा डुलत डुलत पानापाशी गेला. बोंबलाकडे बघितलं, भाताकडे बघितलं. मग माझ्याकडे तोंड फिरवून चोच एवढी उघडली, की घशापर्यंतचं सगळं दिसलं. आणि तसाच बसून राहिला.

"काहीतरी मागतेय ती," शेजारची लतिका कुजबुजली.

मला मात्र वाटलं, काय झालं ते कळलं. शेडमध्ये मी त्याला बोटांनी भरवत होतो. लाटसाहेब आता स्वतः चोच हलवायलाच विसरले होते.

"काका, मी भरवू का?"

"हातानं भरवलंस तर तो घास कसला? ती कावळ्याची उष्टावण झाली. त्यानं आपणहून शिवलं पाहिजे. बोला, कोणाच्या मनात काय असेल ते कबूल करा."

माझा मेहुणा धर्मा हात जोडून पुढे झाला. "ताये, मी उद्यापासून दारू सोडली."

कावळा ढिम्म.

"उद्यापासून म्हणतोस म्हणून," काका म्हणाले. "आजपासून म्हण."

"आज? काका, आज रविवार आहे."

शेवटी बिचारा आजपासून म्हणाला. चोच उघडी ती उघडीच. लतिका डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "शेवंताबाई, तुमची पितळेची परात माझ्याकडेच आहे हो. आज आणून देते." वर्षभर ती परात हरवल्याचं सांगत होती. मग आणखी कोणी तिच्या वाटचं नळाचं पाणी चोरल्याचं कबूल केलं, कोणी मुलाच्या लग्नाला तिला मुद्दाम न बोलावल्याचं. खुद्द काकांनी खाकरून जाहीर केलं, की गॅलरीतली त्यांची खाट, जिच्यावरून शेवंताचं त्यांच्याशी रोज भांडण व्हायचं, ती ते हलवतील. घास पडायच्या आधी चाळ अख्खी सुधारली, पण कावळा काही खाईना. माझी सासू तेवढी एका बाजूला गप्प बसून होती.

एवढ्यात खाली जीप थांबली.

तिन्ही संस्थांच्या माणसांना एकत्र यायला तो एकच रविवार जमला होता, आणि रक्त काढायला ते शेडवर पोचले तर पिंजरा रिकामा. वॉचमननं टोपलीचं सांगून टाकलं. जिन्यावरून धापा टाकत आले ते वनखात्याचे चिंतामणीसाहेब, त्यांच्यामागून पक्षीमित्र मंडळाचे अप्पा, ठाकूरद्वारचे जुने गृहस्थ, आणि शेवटी डॉक्टर मृणालिनीबाई.

"श्राद्धाला आलात? बसा," म्हणून लतिकानं त्यांच्या पुढ्यात पत्रावळी मांडल्या.

"आमचा पक्षी कुठाय?" साहेब ओरडले. "कोणाच्या परवानगीनं हलवला?"

"हळू हो," काका म्हणाले. "पितर आहे तो."

"त्याच्या पायात आमच्या मंडळाचा वाळा आहे," अप्पा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "गुणाजी, काही खाल्लं का त्यानं?"

"तेच तर होत नाही, बाई. वर्ष झालं तिला जाऊन."

बाईंनी पिशवी उघडली. "चिंतामणीसाहेब, फडकं धरा. अप्पा, पाय तुम्ही धरा. रक्त इथेच काढू, मग त्याला काय खायचं ते खाऊ दे."

आणि पहिल्यांदाच तीन संस्थांनी एकत्र काम केलेलं मी पाहिलं. एकानं डोकं झाकलं, एकानं पाय धरले, एकीनं पंखातून रक्त काढलं. सगळी चाळ हात जोडून उभी.

"हा विधी आपल्यात कधीपासून?" काकांनी मला हळूच विचारलं.

कावळा पुन्हा पानापाशी सोडला. पुन्हा चोच उघडली. माझा धीर सुटला. "बाई, हा मेला खात का नाही?"

"तू जेवल्याशिवाय कसा खाईल? शेडमध्ये तू भरवतोस तेही तुझा डबा उघडल्यावरच; तू जेवायला लागलास, की तो आपणहून चोच लावतो. त्याला तीच सवय आहे. तू आधी जेव."

"अजिबात नाही," काका गरजले. "कावळा शिवायच्या आधी जिवंत माणसानं जेवायचं? मग श्राद्ध कशाला घातलं?"

तेव्हा सासू उठली. तिनं एक पान घेतलं, त्यावर भात वाढला, दोन बोंबील ठेवले आणि माझ्यापुढे सरकवलं.

"माजी पोर याच्या आधी कदी जेवली नाय," ती काकांना म्हणाली. "दुखण्यात बी नाय. आता जेवंल व्हय? वरीसभर हा धड जेवला नाय, हाडं बघा कशी निघालीत. जावय, तू जेव."

मी मान खाली घालून घास घेतला. तिखट लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सगळ्यांना सांगितलं. दुसरा घास घेतला तशी कावळ्यानं चोच मिटली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि पानावरचा बोंबील उचलला. मग भात, मग वडा. पान चाटूनपुसून साफ.

"शिवला," काका म्हणाले, आणि सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. साहेब, अप्पा आणि बाई पंगतीत बसले. पक्षी विनापरवानगी हलवल्याबद्दल साहेब मला मेमो देणार होते. पण तिसऱ्या वाढपाला ते म्हणाले, की बाई म्हणतात तर पक्षी तपासणीसाठीच बाहेर आला होता असं धरू.

संध्याकाळी मी लतिकाकडे परात मागायला गेलो.

"कसली परात? कावळा माझ्या बोलण्यावर शिवला का? नाही ना?"

खरंच की. तो कोणाच्याच कबुलीवर शिवला नव्हता. काकांनी खाट होती तिथेच पसरली. धर्मा तर दिवेलागणीलाच गुत्त्याच्या वाटेला लागला होता. सगळे मोकळे झाले. अडकलो तो मी एकटा.

कारण सासूचं म्हणणं असं, की शेवंता जेवली ती माझ्या जेवणावर. आता मी एक वेळ जरी उपाशी राहिलो तरी तिचा घास राहील. रोज बाजार आटोपला, की ती शेडवर येते, माझ्यापुढे डबा उघडते आणि तो रिकामा होईपर्यंत उठत नाही.

काल धीर करून म्हटलं, "आई, आज बोंबील जरा खारट झालेत."

"शेवंतेला म्हटलंस का कदी असं?"

नव्हतं म्हटलं. मुकाट्यानं आणखी एक वाढून घेतला.