आजोबा जात नाहीत, मी सांगतो

"पुढचं सगळं मला ठाऊक आहे," असं कडककाकांनी मालिकेचा पहिला भाग सुरू व्हायच्या आधीच बेकरीत जाहीर करून टाकलं. "कुणाला काही अडलं तर मला विचारा."

कडककाका म्हणजे बेकरीशेजारचे लाँड्रीवाले. त्यांच्या हातची कॉलर घातली की माणसाला दिवसभर मान वळवता येत नाही, म्हणून हे नाव पडलं. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलट. कुणी दुखऱ्या दाढेची हकिगत सांगू लागलं, तर दोन मिनिटांत काकाच स्वतःचा गाल धरून बसायचे.

मालिका एका गाजलेल्या कादंबरीवरची. नदीकाठच्या गावात एक मुलगी आजोबांच्या घरी वाढते. सगळे तिला धाकटी म्हणतात. ती शाळेत जाते, भांडते, प्रेमात पडते, ठेचकाळते आणि हळूहळू मोठी होते. बेकरीत टीव्ही मोठा, म्हणून संध्याकाळी अख्खी गल्ली तिथे जमू लागली. त्या गर्दीत कादंबरी माहीत असलेले एकटे कडककाका. काकूंनी त्यांना ती वाचून दाखवली होती. दुपारी गिऱ्हाईक कमी असे. काका टेबलाशी इस्त्री फिरवत, काकू स्टुलावर बसून मोठ्याने वाचत. हात कामात, कान मोकळे.

एक गोष्ट मात्र काकांनी बेकरीत सांगितली नाही. शेवटची काही पानं राहिली होती. "उरलेलं घरी आल्यावर," असं म्हणून काकू इस्पितळात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्याला वर्ष झालं. पुस्तक काकूंच्या बहिणीचं होतं, ते तिच्याकडे परत गेलं. काकांनी मागून आणलं नाही. वाचता येत होतं त्यांना, पण ते वाचायचं नव्हतं, ऐकायचं होतं. मालिका येणार असं कळलं तेव्हा त्यांच्या मनात आलं की चला, राहिलेलं आता कानावर पडेल. म्हणून रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते टीव्हीसमोरची खुर्ची धरत.

पहिल्याच भागात धाकटीचा कुत्रा ट्रकखाली आला. बेकरीवाल्याची आई, जिला सगळे आजी म्हणत, ती डोळ्यांना पदर लावून बसली.

"रडू नका आजी, बेशुद्ध पडलाय," काका म्हणाले. "उद्या उठून शेपूट हलवेल."

दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला परसात पुरलं. सगळ्या माना काकांकडे वळल्या, म्हणजे ज्यांची कॉलर काकांकडची नव्हती त्यांच्या. काकांनी टीव्हीजवळ जाऊन नीट निरखलं आणि सांगितलं की हा कुत्रा वेगळा आहे, याचे कान बघा.

मग धाकटीचे मास्तर पुरात वाहून गेले. काकांना पक्कं आठवत होतं की मास्तरांची बदली होते. गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने विचारलं, पुरात बदली कशी होते? काकांनी सांगितलं की नव्या गावची शाळा नदीच्या खालच्या अंगाला असेल, जायला सोपं पडलं असेल. पुढच्या आठवड्यात धाकटीची मावशी तापाने गेली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती चुलतबहिणीकडे राहायला जाते आणि तिथेच रमते. या गावची माणसं फार गाव सोडतात बुवा, असं काकांना ऐकतानाही वाटलं होतं. पण काकूंनी वाचलं होतं, म्हणजे ते तसंच असणार.

बेकरीवाला आता काका आत आले की त्यांना विचारू लागला, "काय काका, आज कुणाची बदली?" गल्लीतली पोरंसोरं हसायची. काका लाल व्हायचे, पण मागे हटायचे नाहीत. मालिकावाल्यांनी पुस्तक धड वाचलेलंच नाही, असं त्यांचं ठाम मत झालं.

अशात एका संध्याकाळी मालिकेतले आजोबा खोकले.

आता आजोबा म्हणजे मालिकेचा प्राण. बेकरीतल्या आजींचा तर त्यांच्यावर इतका जीव, की ते जेवायला बसले की या स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. तो खोकला ऐकून त्या खुर्ची सरकवून काकांजवळ आल्या. त्यांनी काकांचा हात धरला आणि विचारलं, "कडक, खरं सांग. हे राहतात ना?"

"आजोबा जात नाहीत, मी सांगतो," काका म्हणाले. "हवापालटाला डोंगरावर जातात आणि ठणठणीत होऊन परत येतात. हिने स्वतः वाचलंय."

बेकरीवाला खो खो हसला. आईसमोर तो असा हसलेला ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला आवडलं नाही. तो तावातावाने उठला आणि म्हणाला की काकांचा शब्द तो माझा शब्द, आजोबा गेले तर मिशी उतरवेन. ती मिशी साधीसुधी नव्हती. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या आरशांत तिचं एकेक टोक दिसायचं.

आजोबा तिसऱ्या दिवशी गेले.

त्यानंतर जे झालं त्याला सीमा नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने शब्द पाळला. सकाळी शिकायला आलेल्या बाईंनी या अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाकारलं आणि तो ओळख पटवायला जवळ गेला तेव्हा छत्री उगारली. इकडे आजींनी अंथरूण धरलं. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय, असं म्हणून त्यांनी मुलाला भट्टी पेटवू दिली नाही. बेकरी बंद, म्हणून गल्लीत पाव नाही. शाळेचे डबे रिकामे, चहाबरोबर काही नाही, आणि ज्याला त्याला कारण एकच माहीत, लाँड्रीवाला. दुपारपर्यंत तिघांनी आपले कपडे ओलेच परत नेले.

काकांना कपड्यांचं काही वाटलं नाही. काकूंचं वाचणं खोटं ठरत होतं, ते सोसवेना. त्यांनी वाहिनीच्या कचेरीत फोन लावला आणि आजोबांना का मारलंत ते विचारलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली की काका, ते कादंबरीतही जातात. काकांनी तिला सांगितलं की मला शिकवू नका, मी ती शब्दन्‌शब्द ऐकलेली आहे. मग त्यांनी मेहुणीला फोन केला. पुस्तक घेऊन उद्याच्या उद्या ये, म्हणाले, सगळ्यांसमोर ते पान वाचून दाखव, एकदाचा निकाल लागू दे.

मेहुणीने फोनवर आढेवेढे घेतले. भाऊजी, जाऊ द्या ना, असं दोनदा म्हणाली. काकांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीत कोर्ट भरलं. आजींना खुर्चीवर आणून बसवलं, शेजारी बिनमिशीचा ड्रायव्हिंग स्कूलवाला. काका साक्षीदाराला घेऊन आल्यासारखे ऐटीत आत शिरले. मेहुणीने पुस्तक उघडलं, एकदा काकांकडे पाहिलं, आणि वाचलं. आजोबा खोकले, तिसऱ्या दिवशी गेले. डोंगर नाही, हवापालट नाही, काही नाही.

"पान चुकलं असेल," काका म्हणाले.

"नाही भाऊजी."

"मग हिने काय वाचलं मला?"

मेहुणीने पुस्तक मिटलं. "पहिल्या दिवशी तिने खरं तेच वाचलं होतं. कुत्रा मेला ते. आठवतंय, त्या दिवशी तुमच्या हातून काय झालं?"

काकांना आठवलं. कुत्रा ट्रकखाली आला आणि काका इस्त्री जिथल्या तिथे ठेवून डोळे पुसायला वळले. इस्त्रीखाली दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पांढरा कोट होता. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं, आरपार. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, काल घाईत एक ओळ राहिलीच, कुत्रा नुसता बेशुद्ध होता.

"संध्याकाळी ताईचा मला फोन," मेहुणी म्हणाली. "मला म्हणते, अगं, पुढे चाळून पाहिलं, अजून तिघं जायची आहेत पुस्तकात. एवढे कोट मी कुठून भरून देऊ? तेव्हापासून तिने कुणाला मरू दिलं नाही. रात्री बसून दुसऱ्या दिवशी काय वाचायचं ते ठरवायची, आणि मला फोन करून विचारायची, मास्तरांना कुठे पाठवू गं?"

आधी बेकरीवाला हसला. मग ड्रायव्हिंग स्कूलवाला, ओठांवर मिशी नसल्यामुळे जरा उघडावाघडाच हसला. मग आजी, आणि मग काकासुद्धा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसणं थांबलं तरी पाणी थांबेना, तेव्हा ते दुकान उघडं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडले.

म्हणजे टीव्हीवर शेवट लागणार होता तो पुस्तकाचा. काकूंनी शेवट काय केला असता ते आता कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात मागोमाग आलेल्या मेहुणीला काकांनी तेवढं एकच विचारलं. तिने मान हलवली. तिथवर ताईचा फोन आलाच नव्हता. जाताना ती पुस्तक टेबलावर ठेवून गेली.

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काका गेले नाहीत. इस्त्री बंद करून बसले होते, तर दारात आजी.

"तुम्ही बघत नाही?" काकांनी विचारलं.

"काय बघायचं? ती पोर घराला कुलूप लावणार आणि एकटीच गाव सोडून जाणार, सुनेने पेपरात वाचून आधीच सांगितलं मला." आजी काकूंच्या स्टुलावर बसल्या. "मला तुझ्या बायकोचं आवडतं. ते सांग."

"तिने तिथवर वाचलंच नव्हतं, आजी."

"मग तू वाच. पुस्तक आहे ना समोर?"

काकांनी काकूंनी कोपरा दुमडून ठेवलेलं पान काढलं. पहिली ओळ जशी होती तशी वाचली: धाकटी उठली, घर रिकामं होतं. काका थांबले. आजींकडे पाहिलं. मग घसा साफ करून पुढे वाचलं, की रिकामं म्हणजे काय, आजोबा तेवढे होते, चहा करत होते. डोंगरावरून आल्यापासून त्यांना स्वयंपाकघर सुटत नव्हतं.

आजींनी डोळे मिटले. "हं."

काकांना जोर आला. आजोबा धाकटीला म्हणाले, तू एकटी कशी जातेस, मीही येतो. त्यांनी टोपी घातली. बसमध्ये खिडकीवरून त्यांचं एका जाड्या माणसाशी भांडण झालं, ते जिंकले. नव्या गावात धाकटीला नोकरी लागली, आजोबा साहेबाला भेटून आले आणि पोरीला वेळेवर घरी सोडा म्हणून दम देऊन आले. काका वाचत राहिले. शेजारच्या बेकरीत कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं, तिकडे बहुतेक कुलूप लागलं असावं. इकडे आजोबा नव्या घरात पडद्यांना खिळे ठोकत होते.

"कडक," आजी डोळे न उघडता म्हणाल्या.

"काय आजी?"

"छान वाचतोस रे. पण अधूनमधून पान उलटत जा. मघापासून एकदाही आवाज आला नाही."

काकांनी पान उलटलं.