मन्मथअप्पांची बैठक

मन्मथअप्पा आमच्या घरी आले की आधी खुर्ची उचलतात. बसायला नाही. उचलतात आणि दाराबाहेर, जिन्याजवळ नेऊन ठेवतात. दुसरी असली तर तीही. मग आत येऊन मोकळ्या झालेल्या फरशीकडे समाधानानं बघतात आणि म्हणतात, "आता कसं घरासारखं दिसून राहिलं."

घर माझं, खुर्च्या माझ्या आणि सकाळी पेपर वाचायला जिन्यात जाऊन बसायचं ते मी. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, म्हातारं माणूस आहे, विसरून ठेवली असेल. चौथ्यांदा झालं तेव्हा मी वैशालीला, म्हणजे बायकोला, स्पष्ट सांगितलं की यापुढे समोरच्या अप्पांसाठी दार उघडायचं नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना त्यांना." मी सांगणार होतो. पण ऐंशीला टेकलेला माणूस धोतर सावरत माझी खुर्ची नेत असताना नेमकं काय बोलायचं ते सुचत नाही.

आम्ही मूळ नांदेडचे. माझी बदली लातूरला झाली, वैशालीला इथल्याच एका दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली आणि दिवाळीत आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हप्ता भरून हातात जे उरायचं त्यात हॉल सजवणं बसत नव्हतं. त्यामुळे हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, स्वतःच्याच खोक्यावर ठेवलेला टीव्ही, खोकं दिसू नये म्हणून त्यावर वैशालीच्या सत्काराची शाल आणि भिंतीवर लग्नाच्या आहेरात आलेली तीन घड्याळं. बाकी नुसती फरशी. बोललं की आवाज घुमायचा.

अप्पा पहिल्याच दिवशी आले, दारातच थांबले आणि खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "ही बैठक हाय का बस स्टँड?"

ओळख नाही, पाळख नाही, आणि हे पहिलं वाक्य. पुढं कळलं की हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या पाटीलबाईंनी हौसेनं एल आकाराचा सोफा घेतला. अप्पा बघायला गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यावर बसल्यावर एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत न्हाई. समदी टीव्हीकडं बघून राहिलेत. बस स्टँडच झालं की हे." पाटीलबाईंनी त्यांना घरात घेणं बंद केलं. मला त्यांचं काहीच चुकलं असं वाटत नाही.

अप्पांनी उदगीरला एका साडीच्या दुकानात चाळीस वर्षं नोकरी केली. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि समोर साड्यांचा ढीग टाकायचा. बिदरकडचं कानडी गिऱ्हाईक आलं की "कुंद्री, कुंद्री" म्हणून आधी बसवायचं. अजूनही ते बसा म्हणायच्या ऐवजी कुंद्री म्हणतात. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या गादीवरचं. "खुर्चीवरचं मानूस निम्मं उठलेलंच असतंय," ते मला बजावायचे. "खाली बसलेलं मानूस उठायचा कंटाळा करतंय. मंग ते बोलतंय. मंग ते चार साड्या घेतंय."

"मला साड्या विकायच्या नाहीत, अप्पा."

"पन मानसं तर पायजेत का न्हाई घरात?"

सोसायटीत अशी एक तरी आसामी असते जी आपल्या घरात आपल्यालाच पाहुणं करून टाकते. आमच्या वाट्याला समोरचंच दार आलं.

घड्याळांवरून तर त्यांनी माझी नातीच धोक्यात आणली. एका रविवारी भिंतीकडे बघत म्हणाले, "तीन घड्याळं, तिनीचा टाइम येगळा. जेवता कोन्त्यावर?" मी सांगितलं की ही आहेरातली आहेत, देणारा घरी आला आणि त्याचं घड्याळ भिंतीवर दिसलं नाही तर माणूस दुखावतो. हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अप्पांनाही पटलं. त्यांनी दोन घड्याळं उतरवली आणि म्हणाले, "पाव्हना यायच्या आधी मला सांगत जा. ज्याचं त्याचं लावून देतो." आता पाहुणा काय सांगून येतो? देगलूरचा माझा आत्येभाऊ बाजाराला म्हणून आला आणि थेट घरी धडकला. चहा पिताना त्याची नजर भिंतीवरून हलेना. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला, "आमचं बंद पडलं का रं?" मी हो म्हणालो. त्यानं ते दुरुस्तीला न्यायला मागितलं आणि ते कपाटात टकटक करत होतं. त्या दिवशी मी अप्पांना जन्मात बोललो नसेन इतकं मनातल्या मनात बोललो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. खिडक्यांना पडदे नव्हते, तर अप्पांनी वैशालीची विरलेली इरकल साडी मागून घेतली, मधला भाग कापून टाकला, काठ जोडून पडदा करून आणला. दुपारचं ऊन त्यातून आलं की हॉल बरा दिसायचा. येणारा प्रत्येक जण पडदा कुठून घेतला म्हणून विचारायचा. त्यामुळं मला जास्तच राग यायचा.

मग संक्रांत जवळ आली. आपल्या स्वतःच्या घरातलं पहिलं हळदीकुंकू दणक्यात करायचं, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलवायचं, असं वैशालीनं ठरवलं. बायका बसणार कुठं? माझ्या ऑफिसमधल्या एकाची नांदेडला बदली झाली होती, तो सोफा काढून टाकत होता. चांगला, सागवानी, फक्त एका हाताचं पॉलिश गेलेलं. मी शब्द टाकला. रविवारी टेम्पो येणार ठरलं.

रविवारी मी गंजगोलाईच्या बाजारात ऊस आणि बोरं आणायला गेलो होतो. परत आलो तर हॉल रिकामा. फोन केला तर ऑफिसमधला म्हणतो, "अरे, तूच नको म्हणून सांगितलंस ना? तुझ्या समोरच्या काकांनी टेम्पो गेटवरनंच परत पाठवला. घर लहान आहे म्हणाले. इथं एक जण थांबलाच होता, त्याला देऊन टाकला."

मी खवळलो. पायात चप्पल होती ती तशीच ठेवून समोरचं दार ढकललं. आज याचा सोक्षमोक्षच लावायचा, असं ठरवून मी आत घुसलो.

तीन महिन्यांत त्या घरात मी पहिल्यांदा जात होतो. अप्पांचा मुलगा पुण्याला असतो, घरात अप्पा आणि त्यांची बायको, अक्का, दोघंच. अक्का आजारी असतात, बाहेर पडत नाहीत, एवढं माहीत होतं. आमच्या दारापासून त्यांचं दार चार पावलांवर, आणि आम्ही कधी विचारायला गेलो नव्हतो. सकाळी नऊला दोघं बाहेर पडायचो, संध्याकाळी दमून यायचो, हे कारण मी स्वतःला देत होतो.

हॉलमध्ये तिन्ही भिंतींना लागून पांढऱ्या गाद्या होत्या. कोपऱ्यात, दोन लोडांच्या मधे, अक्का बसल्या होत्या. काठापदराची साडी, कपाळावर विभूती आणि कुंकू, केस चापून विंचरलेले. भांग वाकडा होता, पुरुषाच्या हातानं पाडलेला. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला होता.

"अप्पा, तुम्ही माझा सोफा परत पाठवलात?" मी ओरडलोच.

अप्पा त्यांच्या पाठीमागचा लोड सारखा करत होते. अक्काच बोलल्या. शब्द जरा जड येत होते, पण कळत होते. "वरडू नका. कुंद्री. मी न्हवतं सांगितलं यांना असलं काई करायला."

"मंग काय करू?" अप्पा एकदम माझ्यावरच उसळले. "दीड वर्साखाली हिचं उजवं अंग गेलं. खुर्चीवर बसवली की कलंडती. सोफ्यावर बसवली की घसरती. खाली, लोडाला टेकून, दोन दोन घंटे बसती. उदगीरला संक्रांतीला चाळीस घरं हिंडायची ही. आन इथं? गेल्या साली वरच्या बाईनं बोलिवलं. समद्या बाया सोफ्यावर, आन हिला खाली चटईवर बसिवलं. वरनं वाकून कुंकू लावलं. दुधाचा कप फरशीवर ठिवला. पोरं अंगावरनं उड्या मारून जाऊन राहिली. घरी आली आन म्हनली, आता मी कुटं जानार न्हाई. गेली न्हाई. दारातसुदिक येत न्हाई."

अक्का खिडकीकडे बघत होत्या.

"तवापून सांगून राहिलो समद्याला, खाली बसा, खाली बसा. कोन ऐकतंय? समद्यांनी सोफे घेऊन टाकले. बिल्डिंगमधी तुमचंच घर रिकामं व्हतं." अप्पांचा आवाज खाली आला. "तेबी आज भरून चाललं व्हतं. माजं चुकलं. टेम्पोचं भाडं देतो मी."

मी चप्पल काढून दाराबाहेर ठेवली आणि गादीवर बसलो. अक्का म्हणाल्या, "च्या करा ओ यांना." अप्पा चहा करायला गेले आणि आम्ही दोघं बसलो. मला लाज वाटत होती. उठायचा कंटाळाही येत होता, हे आणखी वाईट.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती दवाखान्यात दिवसभर असल्याच पेशंटांना उठवते-बसवते. ऐकून ती एवढंच म्हणाली, "आपल्या लग्नातल्या गाद्या माळ्यावर पडल्यात. त्याच पिंजून घेऊ."

झालं. अप्पांच्या अंगात संचारलं. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणायचा, नव्या पांढऱ्या लठ्ठ्याच्या खोळी शिवायच्या, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. भिंत स्वतः मोजली, दुकानातून निवृत्त होताना आणलेल्या लोखंडी मीटरनं, दोनदा. कापडही स्वतःच मोजून कापलं. खोळी शिवून, भरून आल्या. पसरल्या तर मोठी गादी भिंतीच्या शेवटाला न संपता वीतभर वर चढली.

मी पुन्हा मोजलं. भिंत बरोबर होती. अप्पांनी कापड मोजताना दर मीटरला बोटभर जास्त सोडलं होतं. चाळीस वर्षं ब्लाउजपीस कापताना गिऱ्हाइकाला खूश करायला बोट पुढं सरकायची सवय, ते बोट माझ्या हॉलमध्येही सरकलं.

"अप्पा, गादी लांब झाली."

त्यांनी गादीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "बिल्डरनं भिंत आखूड बांधून ठिवली," ते संतापून म्हणाले. "समदे चोर हायेत." आणि बिल्डरच्या नावानं अर्धा तास बोलत बसले. मीही हो ला हो केलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी अप्पा आणि मी अक्कांना खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडून धरून आमच्या घरात आणलं. वैशालीनं लोडांच्या मधे त्यांना नीट टेकवून बसवलं आणि मांडीवर पदर सारखा केला. मग बायका आल्या. पाटीलबाईंनी हॉलभर नजर फिरवून विचारलं, "अहो, सोफा येणार होता ना?" आणि गुडघ्यावर हात देत, सुस्कारे सोडत खाली बसल्या. एकदा बसल्यावर मात्र अक्कांच्या शेजारीच बसल्या, कारण दुसरीकडं जागाच नव्हती.

आम्हा पुरुषांना तिथं काम नव्हतं. मला स्वयंपाकघरात दूध तापवायला ठेवलं होतं. दारातून दिसत होतं. वैशालीनं अक्कांना हळदीकुंकू लावलं. अक्कांनी डावा हात उचलला आणि परत खाली घेतला. डाव्या हातानं कुंकू कसं लावायचं? वैशाली त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसली, त्यांचा उजवा हात आपल्या हातात उचलला, त्याचं बोट करंड्यात बुडवलं आणि आपल्या कपाळाला टेकवलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. मग पाटीलबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "मला पण लावा, अक्का." त्यांनी स्वतःच तो हात उचलून घेतला. मग एकेक जण सरकत येत राहिली. माझं दूध उतू गेलं.

गॅस पुसून मी बाहेर जिन्यात आलो. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. आतून अक्कांचा आवाज येत होता, उदगीरची कुठलीशी गोष्ट सांगत होत्या, बायका हसत होत्या.

"अप्पा, अजून तासभर चालेल. घरी जाऊन पडा ना जरा."

"ती न्हाई तर घरी काय करू?" अप्पा म्हणाले. मग दाराकडं बघत, "चालू द्या. घाई न्हाई. लई दिसानं तिला दुसऱ्याच्या घरात बोलताना ऐकून राहिलो."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी दूध आणलं.