गुलाबकाकांचा डावा हात

आमच्या गावात हात वर करून मतदान झालं की एक हात जास्त भरतो. तो गुलाबकाकांचा डावा.

ग्रामसभेत हात मोजायचं काम माझ्याकडे असतं. माझी मोजणी चुकत नाही, असा गावाचा समज आहे. गुलाबकाका आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. प्रत्येक ठरावाला दोन्ही हात वर. "उजवा माहा. डावा त्यायचा."

"कोनाचा, काका?"

"जे अजून आले नाईत, त्यायचा."

मग मागून कोणीतरी ओरडतं, "काका, पाय बी वर करा, चार होतीन!" डावा हात मी मोजत नाही. काका रागवत नाहीत. पुढच्या सभेला पुन्हा दोन्ही वर.

कोणी बोअर खोदली की पेढा खायला काका पहिले हजर, आणि पेढा तोंडात असतानाच विचारणार, "खाली त्यायच्यासाठी किती ठेवलं?" परवा माझी टाकी भरून वाहत होती. नळ बंद करून मला म्हणाले, "त्यायचं पानी सांडून राह्यले तुमी."

यंदा ठराव आला, शेलूबाजारला जाणाऱ्या रस्त्याकडेची अकरा चिंचेची झाडं तोडून दुकानाचे गाळे बांधायचा. खरं सांगतो, मुलासाठी एक गाळा माझ्याही मनात होता.

मी मोजलं. तोडायच्या बाजूनं तीस. विरोधात, काकांचा डावा सोडून, तीस. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या मात्र एकसष्ट. तीनदा मोजलं, तेच.

"एकसष्टावा त्यायचाच!" काका म्हणाले.

"मंग त्यायची सही कुठी हाय, काका?" सरपंच हसले.

सभा हसली. मी सह्या वाचत गेलो. एकसष्टावी माझीच होती. एका हातात वही, दुसऱ्यात पेन. माझा हात वर झालाच नव्हता.

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांचा डावा हात अजून वरच होता. मी पेन खिशाला लावलं आणि विरोधात हात वर केला.

घरी परतताना विचारलं, "काका, हे 'ते' म्हणजे नक्की कोण?"

काका म्हणाले, "माह्या पोरानं अन् सुनेनं ठरवलं, लेकरू नाई पाह्यजे. पुन्यात मजेत हायेत. त्यायची मर्जी." मग चिंचांकडे बघत म्हणाले, "कोनाच्याबी लेकरानं खाल्ली तरी चिंच आंबटच लागते. पन हात वर केला का डोयापुढं नाव येत नाई कोनाचंच."

माझ्या फाटकाशी ते थांबले. गेल्याच आठवड्यात आमच्याकडे बारसं झालं होतं.

"तुमच्या नातीचं नाव काय ठेवलं, भाऊ?"

"आराध्या."

काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणताना डावा हात जरासा वर झाला होता.