खांदा ते घोटा

‘‘ताई, तुम्ही सव्वा इंचानं बुटक्या झालात!’’

निकमअण्णांनी भर दुकानात, चार बायकांसमोर हे जाहीर केलं. मी थक्क! पंजाबी ड्रेस शिवायला गेले होते, रुंदीवरून टोमणा ऐकायची तयारी होती. पण उंची? चोपन्नाव्या वर्षी माझी उंची कोणी चोरली?

सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांचं लेडीज टेलरचं दुकान. माणूस मूळचा चांदवडचा. फळीवर पंचवीस वर्षांच्या मापांच्या वह्या. पन्नाशीपुढची बाई आली की टेप लावायची, तिची जुनी वही काढायची आणि ‘खांदा ते घोटा’ मोठ्यानं वाचायचं. कमी भरलं, की कापड परत!

‘‘तुमची टेप ढिली झाली असेल,’’ मी म्हणाले.

‘‘टेप नवीच हाय. मणका जुना झालाय. आधी हाडं तपासा.’’

‘‘अहो, खालून जरा दुमडा की!’’

‘‘दुमडून चालत नाय, ताई.’’ हे त्यांचं पालुपद. गल्लीतलं गटार तुंबलं तरी हेच.

केवळ त्यांना खोटं पाडायला मी तपासणी करून घेतली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर हाडं गुपचूप विरळ होत जातात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. माझा एक मणका चक्क चेपला होता आणि मला पत्ता नव्हता! हादरलेच. आठवड्याची गोळी, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, रोजचं चालणं, सगळं मागे लागलं.

रिपोर्ट घेऊन तडक दुकानात गेले. ‘‘तुम्हाला हे कुणी शिकवलं हो?’’

अण्णांनी एक वही उघडली. पानावर नावाच्या जागी ‘मंडळी’. खाली दर दिवाळीचं माप, आधीच्यापेक्षा थोडं कमी.

‘‘हिचा गाऊन पायात यायचा. मी दर वर्षी खालून दुमडून द्यायचो. लय सफाईनं. का पायात येतो, हे कधी विचारलं नाय.’’ त्यांनी वही मिटली. ‘‘मग न्हाणीत नुसती घसरली. खुबा मोडला. उठलीच नाय.’’

मग अण्णाच म्हणाले, ‘‘नागलीची भाकर खात जा. हाडाला चांगली.’’

वर्षभरानं पुन्हा टेप लागली. एकदा, दोनदा, तीनदा.

‘‘तेवढीच!’’ अण्णा दुकान दणाणेल असे ओरडले. मग माझ्याकडे पाठ करून ओवलेल्याच सुईत दोरा ओवत बसले.