चहात मुरलेली मूठ

डॉइल हॅचरकडे सहा रिव्हॉल्व्हर होती आणि सहाही एकाच जातीची: दुकानातली सगळ्यात स्वस्त. गोळी शेंगदाण्याएवढी, दर गोळीला घोडा अंगठ्याने नव्याने ओढायचा, आणि नेम लागलाच तर कुंपणावरचा रिकामा डबा पडायचा. पण डॉइलला डब्यांशी काय देणंघेणं! त्याचा सगळा जीव रिव्हॉल्व्हर नटवण्यात. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसून एकाचा घोडा घासून गुळगुळीत कर, दुसऱ्याची नळी चमकव, तिसऱ्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसव. नवरीलासुद्धा कोणी एवढं नटवत नाही.

ईस्टरला त्याच्या बायकोने, लर्लीनने, निर्वाणीचं सांगितलं. "डॉइल, यापुढे यांच्यावर कानस फिरवलीस ना, तर शेड माझी. गोधड्यांचं मशीन तिथे मांडीन आणि तुझं हे सगळं भंगारात."

"संपलं गं ते सगळं," डॉइल म्हणाला. जूनपर्यंत ते खरोखरच संपलेलं होतं.

जूनमध्ये त्यांच्या बिस्किट नावाच्या कुत्र्यासाठी नळीचं हाड आणलं. ते जाडजूड, पांढरंशुभ्र हाड बघून डॉइलचे हात शिवशिवायला लागले. कुत्र्याला पाव देऊन त्याने हाड उकळलं, कापलं, घासलं आणि सहाव्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीसाठी दोन बाकदार पट्ट्या काढल्या. झाल्या झकास, पण फारच नव्याकोऱ्या. मूठ कशी, आजोबांच्या कमरेला वाढलेली दिसायला हवी! त्यावर या छंदातल्या सगळ्यांचा उपाय ठरलेला: पट्ट्या कडक चहात दोन दिवस बुडवायच्या, मस्त पिवळट रंग चढतो.

आता बरणी लपवायची कुठे? अमेरिकेतल्या या आर्कान्सामध्ये घरोघरी मागच्या ओट्यावर, बर्फ घालून प्यायच्या चहाची बरणी उन्हात मुरत असते. डॉइलने आपली बरणी लर्लीनच्या बरणीला खेटूनच ठेवली. चहाशेजारी चहा, कोण बघतंय! स्वतःच्या हुशारीवर तो दोन दिवस जाम खूश होता.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात सगळ्यांचं जेवण होतं. तळलेल्या कोंबडीचं ताट घेऊन डॉइल वळला, तर टेबलावर त्याचीच बरणी! वर बर्फ, लिंबाच्या चकत्या, आणि टेबलाखाली बिस्किट, बरणीवर डोळे लावून.

"अगं, ही कुठली बरणी आणलीस?"

"ओट्यावरची. एक फिकी वाटली, ही कशी लालबुंद झाली होती! साखर ढकलली, झालं. तुला काय त्याचं?"

तेवढ्यात पाद्रींनी, ब्रदर वेंडेलनी, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वा, सिस्टर लर्लीन! आज चहाला काय दाट चव आहे हो!"

वीस वर्षं हे कौतुक पलीकडच्या टेबलावर चहा मांडणाऱ्या ओपल स्टबलफील्डचं व्हायचं. लर्लीन कानापर्यंत लाल झाली, आणि तिच्या बरणीपुढे ही रांग लागली.

डॉइलने अंदाज घेतला. चहा अजून चार बोटं उतरला की पट्ट्या उघड्या पडणार, आणि पट्ट्या उघड्या पडल्या की शेड गेली. मग एकच मार्ग, बरणी भरती ठेवायची! तो ओपलच्या टेबलाकडे धावला, ग्लास भरला आणि सगळ्यांची नजर चुकवून लर्लीनच्या बरणीत ओतला. परत गेला. परत ओतला.

"बाई गं, डॉइलला माझा चहा भारीच आवडलाय!" ओपल अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली. "सातवा ग्लास हा!"

झालं. लर्लीनने त्याला बाही धरून झाडामागे ओढलं. "तिचा चहा? सात ग्लास? लाज नाही वाटत?"

"अगं, ऐक तरी..."

इकडे राखणदार हलला तशी बरणी भराभर उतरली. रांगेत शेवटी होते नव्वदीचे क्लोव्हिसकाका, स्वतःही जुने रिव्हॉल्व्हरवेडे. तळाशी काय आहे ते त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि बाह्या सरसावून हात घातला.

"काका, काय हो ते?" कोणीतरी ओरडलं.

"कवळी पडली माझी. आत्ताच वाकलो ना!"

"देवाची कृपा," ब्रदर वेंडेल म्हणाले, "आमचं आधीच पिऊन झालं होतं."

लर्लीन तोवर काकांपाशी पोचली होती. "दात तर तुमच्या तोंडात आहेत, काका."

"ही रविवारची."

"रविवारच्या कवळीला स्क्रूचं भोक कशाला लागतं?"

काकांनी गुपचूप दोन्ही पट्ट्या तिच्या हातावर ठेवल्या. त्यांना सुरेख मधाळ रंग चढला होता. लर्लीनने आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"उद्या शेड रिकामी कर," ती हळूच म्हणाली. "पण त्याआधी मला एवढंच सांग, ओपलचा चहा का प्यालास?"

"एक थेंब नाही प्यालो, शपथ! सगळा तुझ्या बरणीत ओतला. तू नेमकं हे बघू नयेस म्हणून."

"माझ्या बरणीत?"

"अर्ध्याच्या वर तिचाच होता, लर्लीन."

तेवढ्यात ब्रदर वेंडेलनी ताटलीवर चमचा वाजवला. "मंडळी, यापुढे चर्चच्या प्रत्येक जेवणाला चहा सिस्टर लर्लीनचा! आणि हीच चव हवी बरं का!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओपलचा चेहरा एवढासा झाला. डॉइल काही बोलणार, तोच लर्लीनचा हात त्याच्या तोंडावर आला.

"शेड तुझी," ती हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाली. "पण मरेपर्यंत हे तोंडातून काढायचं नाही."

आता सहाही रिव्हॉल्व्हरना हाडाच्या मुठी आहेत आणि डॉइल शेडचं दार सताड उघडं टाकून सातव्याच्या मुठीला लागलाय. फक्त जेवणाच्या आदल्या दिवशी त्याला बरणी घेऊन ओपलच्या दारात उभं राहावं लागतं. ओपल ती काठोकाठ भरून देते, आणि रविवारी रांगेत लर्लीनच्या कानाशी येऊन सांगते, "तुझ्या नवऱ्याला काही केल्या माझाच चहा लागतो हं!"

आणि लर्लीन गोड हसून पुढचा ग्लास भरते.